कच्च्या डोंगररस्त्यांवर ग्रॅव्हल बाईक: आधी हवा, मग गिअर, किलोमीटर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डांबरी रस्त्यावर १०० किमी आरामात होतात. नवी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घेतली आहे: ४० मि.मी. टायर, आत ट्यूब, पुढे पेडलजवळ ४० दातांची एकच चेनरिंग (दातेरी चक्र), मागे ११-४२ कॅसेट, म्हणजे ११ ते ४२ दातांच्या चक्रांचा संच. डोंगरातल्या कच्च्या, वर्दळ नसलेल्या रस्त्यांवर तीन दिवसांची सफर करायची आहे, रोज ७० किमी आणि १,६०० मीटर चढाई. सरावाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा होती, हात बधिर झाले. दुसरीत हवा २५ वर आणली, तर दोन पंक्चर. चढावर उतरून ढकलावं लागलं आणि ३५ किमी, ९०० मीटर चढाईला ४ तास १० मिनिटं लागली. स्वतःचं वजन ७४ किलो. आता सस्पेन्शन फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के शोषणारा काटा) बसवू, टायर बदलू, की हे आपल्याला जमणारच नाही?

जमेल. फोर्क मात्र आत्ता घेऊ नका, त्याचं कारण शेवटी सांगतो.

तुमच्या तक्रारी चार दिसतात: हात, पंक्चर, चढ आणि वेळ. पहिल्या दोन हवेच्या आहेत. तिसरी दातांची आहे, म्हणजे गिअरच्या दातांची. चौथी तक्रारच नाही, कारण त्या रस्त्यावर तेवढा वेळ लागणारच होता. तुम्ही डोंगराचा हिशोब डांबरी रस्त्याच्या मापाने केलात आणि उत्तर जुळलं नाही, एवढंच झालं. सायकल दुरुस्त करणं सोपं आहे, वेळापत्रक दुरुस्त करायला मन घट्ट करावं लागतं.

खाली दिलेले आकडे काही गृहीतकांवर आहेत, ते आधीच सांगतो. तुमचे ७४ किलो, सायकल ११ किलो, सामान आणि पाणी मिळून १० किलो, एकूण ९५. तासन्‌तास टिकणारी पायांची ताकद १५० वॅट धरली आहे. हौशी पण नियमित सायकल चालवणाऱ्याला लांब पल्ल्यावर एवढी सहसा जमते. रिम किती रुंद, दगड कसा, पाऊस होऊन किती दिवस झाले, यावर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण दिशा बदलणार नाही.

हवेपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे.

६० पीएसआयला ४० मि.मी.चा टायर दगडावरून वाकत नाही, उडतो. प्रत्येक खडा सायकलला आणि तुम्हाला थोडं वर उचलतो आणि ती उचल तुमच्या पायांच्या कष्टातून वजा होते. म्हणून खडीवर कडक टायर वेगवान वाटला तरी प्रत्यक्षात हळू असतो. हाताला बसणारे हादरेही तिथूनच येतात. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस तासभर ठेचली गेली की करंगळी आणि शेजारचं बोट आधी बधिर होतं. तुमचीही तीच दोन बोटं बधिर झाली असतील तर शंकाच नको.

मग २५ वर पंक्चर का? ट्यूब काढून बघा. शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रं असतील, सापाच्या दातांसारखी. टायर दगडावर पूर्ण दबला, रिम खाली टेकली आणि ट्यूब दोन्हींच्या मध्ये चिमटली गेली. काटा लागला असता तर छिद्र एकच असतं. म्हणजे ६० जास्त आणि ट्यूबसकट २५ फार कमी. ट्यूब ठेवणारच असाल तर तुमच्या एकूण वजनाला मागे ४२ आणि पुढे ३८ पासून सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून पुढे नेहमी साधारण १० टक्के कमी.

ट्यूबलेस केलंत, म्हणजे ट्यूब काढून हवा थेट टायरमध्येच भरलीत, तर चिमटायला काही राहत नाही. तेव्हा मागे ३५, पुढे ३१. टायर ४५ मि.मी.चा घेतलात तर मागे ३०, पुढे २७. हे सुरुवातीचे आकडे आहेत. मग तुमच्या वाटेवरचा सगळ्यात खडबडीत अर्धा किलोमीटर निवडा, सामान लादूनच तो दोनदा उतरा आणि कान द्या. रिम दगडाला लागल्याचा ‘टक्’ असा कोरडा आवाज एकदाही आला नाही तर २ पीएसआय कमी करून पुन्हा उतरा. दोनदा-तीनदा आला तर २ वाढवा. वळणावर टायर खालून सरकल्यासारखा, रबर घडी पडल्यासारखा वाटला तरीही २ वाढवा. अंगठ्याने दाबून बघण्याची सवय सोडा, ३० आणि ३८ मधला फरक अंगठ्याला कळत नाही. उभ्या पंपावरचा १६० पर्यंतचा काटाही खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. कमी दाबाचा वेगळा डिजिटल गेज घ्या, हवेच्या या खटाटोपातली तीच एक खरी गरजेची खरेदी.

जाता जाता एक गंमत. हजार मीटर वर चढलात की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १.६ पीएसआयने घटतो, म्हणून टायर तेवढा कडक होतो. पण वर थंडी असते, हजार मीटरला साधारण ६.५ अंश, आणि त्यामुळे टायरमधला दाब जवळपास १ पीएसआयने उतरतो. दोन्ही मिळून फरक अर्ध्या-पाऊण पीएसआयचा. खिंडीत पोहोचून हवा कमीजास्त करत बसू नका.

ट्यूबलेस करायचं ठरलं तर आधी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले आहेत का ते बघा. रिमच्या आतली जुनी पट्टी काढा, स्पिरिटने रिम पुसून पूर्ण कोरडी करा. ट्यूबलेस टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मि.मी. जास्त रुंद हवी, कारण ती दोन्ही कडांना थोडी वर चढली पाहिजे. वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करा, टेप ताणून लावा आणि शेवटी १० सेंमीचा पदर ठेवा. स्पोकच्या प्रत्येक भोकावर टेप अंगठ्याने घोटून बसवा. वॉल्व्हसाठी टेपला कात्रीने फुली मारू नका, टोकदार सुईने लहान छिद्र करा आणि वॉल्व्ह दाबून आत घाला. फुलीचे कोपरे पुढे फाटत जातात आणि हवा टेपखालून स्पोकच्या भोकांतून सुटते. मग माणूस आठवडाभर टायरमधली गळती शोधत बसतो. वॉल्व्हची चकती हातानेच आवळायची, पक्कड लावायची नाही. रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर ती हातानेच सुटायला हवी.

पहिल्यांदा टायर सीलंटशिवाय (आतून छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाशिवाय) बसवा. कडांना साबणाचं पाणी लावा, वॉल्व्हचा गाभा काढा आणि एकदम भरपूर हवा सोडा. दोन-तीन ‘फट्’ आवाज येतात, ती टायरची कड जागेवर बसल्याची खूण. टायरच्या कडेजवळ एक उठावदार रेघ असते. ती सबंध चाकाभोवती रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत बुडाली असेल तर हवा सोडून, तिथे पुन्हा साबण लावून परत भरा. तुमची रिम हुक नसलेली, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेली, असेल तर कड बसवतानाही ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बार, ओलांडू नका. टायरवर किंवा रिमवर याहून कमी आकडा छापला असेल तर तो अंतिम. कड बसली की वॉल्व्हमधून सीलंट घाला, ४० मि.मी.ला ६० ते ७० मि.ली., ४५ ला ८० च्या आसपास. चाक फिरवा, मग एकेका कुशीवर अर्धा तास आडवं ठेवा आणि लगेच ५-१० किमी चालवून या. पहिले दोन-तीन दिवस हवा थोडी उतरते. हे काम सफरीच्या आदल्या रात्री करू नका, किमान दोन आठवडे आधी करा.

सीलंट असलं म्हणजे पंक्चर संपली असं नाही. खिळा किंवा टोकदार दगड रुतलेला दिसला तर तो लगेच उपटू नका, आधी प्लगचं (छिद्रात भरायच्या रबरी पट्टीचं) हत्यार हातात तयार ठेवा. उपटल्यावर छिद्र खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमा होतं. मिनिटभरात बंद झालं नाही तर प्लग दोन तृतीयांश आत ढकला आणि हत्यार झटक्यात ओढून घ्या. बाहेरची शेपटं मुळापासून कापायची नाहीत, चालवताना ती आपोआप झिजतात. कुशीला ५-६ मि.मी.पेक्षा मोठा चिरा पडला तर प्लग टिकत नाही. तेव्हा आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड प्लॅस्टिक लावून ट्यूब घालावी लागते. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा, आणि हे विसरूच नका. ट्यूबलेस टायरात कितीतरी काटे रुतून बसलेले असू शकतात, सीलंट त्यांना निमूट सांभाळत असतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. नवी ट्यूब घालून हवा भरली की ते सगळे एकदम कामाला लागतात.

टायर रुंद करण्याआधी फ्रेमची जागा मोजा. टायर फुगवल्यावर दोन्ही बाजूंना ५-६ मि.मी. मोकळं राहिलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर चिखल अडकतो आणि त्यातला खडा फ्रेम खरवडत जातो. जागा असेल तर ४५ घ्याच.

आता चढ. इथे थोडं गणित लागेल.

दहा टक्के चढावर ९५ किलो वर खेचायला साधारण ९३ न्यूटन बळ लागतं, खडीच्या घर्षणाचं ११-१२ धरा, म्हणजे १०५. तुमच्या १५० वॅटला भागिले १०५, वेग आला सेकंदाला १.४३ मीटर, तासाला ५ किमीच्या थोडा वर. तुमचा सगळ्यात हलका गिअर ४० भागिले ४२, म्हणजे ०.९५. चाकाचा घेर २.२ मीटर, तेव्हा पेडलच्या एका फेरीत सायकल २.१ मीटर पुढे जाते. त्या वेगाला मिनिटाला ४१ फेऱ्या झाल्या. डांबरावर तुम्ही ८०-९० फेऱ्या मारत असाल. ४१ ला प्रत्येक फेरी म्हणजे जिना चढणं. गुडघे बोलायला लागतात, जोर झटक्याने पडतो, मागचं चाक खडीवर घसरतं आणि तुम्ही उतरता. ‘माझ्यात दम नाही’ असं तुम्हाला वाटलं, ते खरं तर ०.९५ होतं.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र केले तर मजेशीर गोष्ट घडते. पुढची चेनरिंग ४० ऐवजी ३६ केली की चेन दोन कड्यांनी लांब पडते. मागची कॅसेट ४२ ऐवजी ४६ केली की ती तेवढीच आखूड पडते. दोन्ही बदललेत तर चेनची लांबी आहे तीच राहते. गिअर येतो ०.७८, एका फेरीत १.७२ मीटर, मिनिटाला ५० फेऱ्या. पन्नास म्हणजे काही चैन नव्हे, पण बसून, सारखा जोर लावत चढता येतं. बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) लहानात लहान किती दातांची चेनरिंग बसते, आणि मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं चालतं. दुसरी मर्यादा ओलांडली तर वरचं छोटं चाक कॅसेटला घासतं आणि सगळ्यात हलक्या गिअरवर खरखर ऐकू येते. मर्यादेच्या आत असूनही खरखर येत असेल तर बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा) थोडा आवळा.

‘मग उतारावर वेग कमी पडेल’ ही शंका सगळ्यांना येते. ३६ आणि ११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३९ किमी होतात. खडीच्या उतारावर ३९ ला कोणी पेडल मारत नसतं.

पंधरा टक्क्यांच्या वर मात्र गिअरचा उपयोग संपत जातो. तिथे १५० वॅटला वेग ताशी साडेतीन-चार किमी उरतो, म्हणजे चालण्याचाच. तोल सांभाळण्यात ताकद घालवण्यापेक्षा शंभर-दोनशे मीटर ढकला. पिंडऱ्यांना वेगळं काम मिळतं, पाठ सरळ होते, वेळ तेवढाच लागतो. यात कमीपणा काही नाही. यासाठीच बूट चालता येतील असे हवेत, दोन बोल्टांचं क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी पट्टी) तळव्यात खोल बसणारे. रोडबाईकचे गुळगुळीत तळाचे बूट खडीवर पाय मुरगळायची हमी देतात.

चढताना सीटवरून उठू नका. उठलात की मागच्या चाकावरचा भार गेला आणि ते जागच्या जागी फिरलं. सीटच्या टोकाशी सरका, कोपर वाकवा, छाती हँडलकडे झुकवा. गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. जोरात दाबलेल्या पेडलवर गिअर बदलला की चेन तुटू शकते, नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो.

त्या डिरेलरवर दोन ओळी जास्त लिहितो, कारण आडवाटेवर सायकल कायमची बंद पाडणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच. डिरेलर फ्रेमला एका छोट्या अॅल्युमिनियमच्या हँगरने जोडलेला असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो आत वाकतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. सायकल उठवता, सगळं ठीक वाटतं, आणि पुढच्या खड्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरवर टाकता. तेवढ्यात डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये शिरतो आणि चाकाबरोबर वर ओढला जातो. म्हणून उजवीकडे पडल्यावर मागे उभं राहून बघायचं: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि कॅसेट एका उभ्या रेषेत आहेत का. नसतील तर शेवटचे दोन हलके गिअर दिवसभर वापरायचे नाहीत. तुमच्या फ्रेमचाच जादा हँगर, तुमच्या चेनच्या स्पीडची (मागे जितकी चक्रं तितक्या) दोन क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायच्या कड्या, चेन तोडायचं हत्यार, ४-५-६ मि.मी. अॅलन की आणि ताऱ्याच्या आकाराची टी२५ की, एवढं सामान पिशवीत असलंच पाहिजे. जोडीला पंप, एक ट्यूब, प्लग, केबलटाय. हवा भरायला गॅसची नळकांडी सोयीची खरी, पण काही सीलंट त्या गॅसने गोठतात, आणि नळकांडं संपलं की संपलं. पंप संपत नाही.

उताराबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण सफर बिघडते ती तिथेच.

९५ किलो ६०० मीटर खाली आणताना सुमारे ५६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड लिटरहून जास्त गार पाणी उकळायला ती पुरेल. डांबरावर वेग जास्त असतो, त्यामुळे बरीचशी वाऱ्यात जाते. खडीवर तुम्ही हळू उतरता, म्हणून बहुतेक सगळी ब्रेकच्या दोन डिस्कमध्ये जाते. सतत हलका ब्रेक लावून ठेवलात तर डिस्क आणि पॅडना गार व्हायला उसंतच मिळत नाही. सरळ पट्ट्यात सायकल थोडी सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग पुरेसा उतरवा, मग पुन्हा सोडा. लीव्हर हँडलकडे जास्त आत यायला लागला, जळका वास आला, तर थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. दहा मिनिटं आजूबाजूचा डोंगर बघा.

ब्रेकचे पॅड सफरीला निघण्याआधी तपासा. घासणारा थर अर्धा मि.मी. उरला की पॅड संपला. माझ्या हिशोबात १ मि.मी.पेक्षा कमी पॅड घेऊन तीन दिवसांच्या डोंगराला जायचंच नाही. रेझिनचे पॅड शांत असतात, पण ओल्या, वाळूमिश्रित चिखलात एका दिवसात उडू शकतात. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, टिकतात. रेझिनचेच वापरणार असाल तर एक जोडी खिशात असू द्या. नवे पॅड घातल्यावर ताशी २० किमीवरून जवळजवळ थांबेपर्यंत असे वीसेक ब्रेक मारून ते बसवून घ्या. आणि चाक बाहेर असताना लीव्हर दाबू नका. पिस्टन जवळ येतात आणि चाक परत जाताना डिस्क मध्ये शिरत नाही.

उतरताना हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात हवेत. वरच्या हुडांवरून (ब्रेकच्या रबरी मुठींवरून) ब्रेक लागतो, पण धक्क्याने हात सुटू शकतो. दोन्ही पेडल समपातळीत, गुडघे आणि कोपर सैल, वजन किंचित मागे. वळणावर बाहेरचं पेडल खाली आणि भार त्यावर. वळणाच्या आत पुढचा ब्रेक सोडून दिलेला असला पाहिजे. सैल खडीवर पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर मिळतो. रेषा निवडताना गाड्यांच्या चाकोऱ्या बघा. तिथे खडी दबून टणक झालेली असते, मधल्या उंचवट्यावर आणि बाहेरच्या कडेला ती सैल साठते. चाकोरी बदलायचीच तर थोड्या तिरप्या रेषेत, ब्रेक न लावता. जिथे गाड्या ब्रेक मारतात किंवा जोर लावतात, म्हणजे वळणाआधी आणि खड्या चढावर, तिथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्या पट्ट्यावर कडेची फूटभर जागा बऱ्याचदा गुळगुळीत सापडते. आंधळ्या वळणावर मात्र आपल्या बाजूलाच राहा. वर्दळ नाही म्हणजे गाडी येणारच नाही असं नव्हे. तुमच्याप्रमाणेच समोरच्यालाही रस्ता रिकामाच वाटत असतो.

आता वेळापत्रक.

रस्ता कच्चा आणि डोंगराळ असेल तर मी असा हिशोब मांडतो: दर १८ किमीला एक तास, अधिक दर ५०० मीटर चढाईला एक तास. पाचशे कुठून आले? वरच्याच गणितातून. दहा टक्के चढावर ताशी ५ किमी म्हणजे तासाला सुमारे ५०० मीटर उंची. तुमची फेरी यात घालून बघा. ३५ किमीचे २ तास, ९०० मीटरचे पावणेदोन-दोन, मिळून पावणेचारच्या वर. वर दोन पंक्चर. तुम्हाला लागले ४ तास १० मिनिटं. म्हणजे तुम्ही अजिबात हळू नाही आहात!

आता तुमची सफर. ७० किमीचे ४ तास, १,६०० मीटरचे सव्वातीन, झाले सव्वासात, तेही चाक फिरत असतानाचे. पाणी, फोटो, चुकलेली वाट, दुरुस्ती यांना चौथा हिस्सा धरा. नऊ तास. पहिल्या दिवशी ते जमेलही. दुसऱ्या दिवशी तेच दुखऱ्या पायांनी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिली सफर असेल तर दिवसाला ४५ किमी आणि १,००० ते १,१०० मीटर ठेवा. ते साडेचार तास चाकावर आणि एकूण पावणेसहा-सहा होतात. उरलेला उजेड ही तुमची राखीव पुंजी.

चढाईचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. दोन अॅप एकाच वाटेला वेगवेगळी उंची दाखवतात, कारण उंचीची माहिती ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची असते. अरुंद दरीत बिंदू रस्त्यावर नसून कड्यावर पडतो. सरासरी चढ तर फसवाच. १० किमीला सहा टक्के सरासरी वाचून बरं वाटतं, पण मध्ये उतार आणि सपाटी असेल तर उरलेले पट्टे बारा-चौदाचे असतात. चढाचा आलेख मोठा करून दर २०० मीटरचा तुकडा बघा. समोच्च रेषा असलेला नकाशा असेल तर जिथे रस्ता त्या रेषांना काटकोनात छेदतो, तिथे ढकलायची तयारी ठेवा.

रस्त्याचा पृष्ठभाग ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या मोफत नकाशामध्ये बऱ्याच ठिकाणी नोंदलेला असतो. कच्च्या वाटांना ग्रेड १ ते ५ अशी श्रेणी असते, १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती-गवत. ग्रेड ३ पर्यंत वरचा हिशोब चालतो. ४ आणि ५ लागले, विशेषतः पावसानंतर, तर त्या तुकड्याला दुप्पट वेळ धरा. चिकणमाती असेल तर दुप्पटही कमी पडतो, ती टायर आणि फ्रेममध्ये भरून चाकच थांबवते. उपग्रहाच्या छायाचित्रात ओढ्यांवर पूल दिसतो की वाट पाण्यात उतरते, तेही तपासून घ्या.

वर्दळ नसण्याची किंमत पाण्यात आणि मदतीत मोजावी लागते. तासाला ५०० ते ७५० मि.ली. पाणी धरा आणि नकाशावर भरवशाच्या दोन पाणवठ्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत काढा. तीन तासांचं असेल तर दोन लिटर बरोबर हवं. ते वजन हँडलवर टांगू नका, फ्रेमच्या मधल्या पिशवीत खाली ठेवा. हँडलवर दोन-तीन किलोच्या वर गेलं की खडीवर सायकल वळायला कुरकुरते. खाणं दर अर्ध्या तासाला थोडं, भूक लागायची वाट न बघता. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि वाट घरच्यांकडे देऊन ठेवा. प्रत्येक दिवसासाठी एक वेळ ठरवा: दुपारी अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागे फिरायचं. दरीत ऊन लवकर मावळतं. खिंडीत पोहोचल्यावर जाकीट उतार सुरू होण्याआधी घाला, घामेजलेल्या अंगाने उतरलात तर दहा मिनिटांत बोटं ब्रेकवर ताठरतात. कळपाचे राखणदार कुत्रे अंगावर आले तर सायकल पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत कळपापासून दूर जा. वाटेवरचं फाटक बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं ठेवा.

आता फोर्क. ग्रॅव्हलसाठीचे सस्पेन्शन फोर्क ३०-४० मि.मी. खेळतात आणि वाईट नसतात. पण तुमची फ्रेम त्या उंचीसाठी बनवलेली आहे का हा पहिला प्रश्न. पुढचा भाग २० मि.मी.ने उचलला गेला तर हँडलचा कोन जवळजवळ एक अंशाने पडतो, चढावर पुढचं चाक भटकायला लागतं, आणि तुमची खरी अडचण चढाचीच आहे. शिवाय ६० पीएसआयवर झालेल्या त्रासासाठी फोर्क घेणं म्हणजे दार न उघडताच घरात उकडतं म्हणण्यासारखं. आधी टायर ट्यूबलेस करून हवा ३५-३१ वर आणा. सीट स्पिरिट लेव्हलने समतल आहे का बघा, टोक खाली झुकलेलं असेल तर शरीराचा भार हातांवर सरकतो. हँडलवर दुहेरी टेप गुंडाळा, पकड सैल ठेवा, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला.

हे सगळं झालं की सफरीच्या किमान दोन आठवडे आधी, पूर्ण सामान लादून, ४५ किमी आणि १,००० मीटरचा एक दिवस करून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत २० किमी. त्या २० किमीनंतरही बोटं बधिर होत असतील, तर फोर्कचा विचार करू. तेव्हा फ्रेमचं नाव आणि सध्याच्या फोर्कची धुरीपासून तो फ्रेमला खालून जिथे टेकतो तिथपर्यंतची लांबी मोजून लिहा.